रुग्णाचा वेगळा पेला

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबात दोन गोष्टी घडतात. पहिली, रोगाचे नाव उच्चारणे बंद होते. दुसरी अधिक क्लेशदायक आहे. रुग्णाचे ताट, पेला आणि अंथरूण वेगळे होते. वास्तविक हा रोग सहभोजनाने, स्पर्शाने वा शुश्रूषेने पसरत नाही. औषधोपचाराच्या काळात जी विशेष स्वच्छता पाळावयाची, ती रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते म्हणून, त्याच्या रक्षणासाठी. तरीही सुशिक्षित घरांतून हा विटाळ पाळला जातो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन ज्यांच्या पूर्वजांनी माणुसकीचा हक्क बजावला, त्यांच्या घरात तरी वेगळा पेला असता कामा नये.

आम्ही वैद्य शस्त्रक्रिया करतो, किरणोपचार आणि औषधे देतो. परंतु ‘मी पुन्हा माणसांत येईन काय?’ या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर त्या वाटेने जाऊन परतलेला माणूसच देऊ शकतो. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांची १९५२ साली स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या अशाच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या, हाताचे व्यायाम शिकवू लागल्या. प्रारंभी काही डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. पुढे १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तेच कार्य आपल्या छत्राखाली घेतले. आपल्या मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बाहेर पडल्यावर १९९४ साली ‘व्ही केअर’ ही संस्था स्थापिली. रोगमुक्त झालेले स्वयंसेवक नव्या रुग्णाशेजारी बसतात, हेच तिचे मोठे बळ आहे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून उपचार होत आहेत. तेथे गावाकडून येणाऱ्या गरीब रुग्णापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो राहण्याचा. अशा कित्येकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली, त्यांच्याच नावाचे हे छत्र आहे.

आता आपल्याकडे वळू. कुवेतमध्येही सबाह वैद्यकीय परिसरात कर्करोगाचे स्वतंत्र केंद्र आहे. परंतु ज्याचा इकामा नोकरीशी बांधलेला आहे आणि ज्याच्या पगारावर गावाकडचे घर चालते, तो एका खोलीत अनेकांसह राहणारा आपला बांधव तोंडातील न भरणारी जखम लपवितो. नोकरी जाईल या भयाने तो महिने दवडतो. तेवढ्यात, लवकर ओळखला असता तर बरा होऊ शकला असता असा रोग हाताबाहेर जातो. तंबाखू आणि मिश्री यांची सवय आपण गावाहून बरोबर आणली आहे, हेही विसरू नये.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वहस्ते स्नान घातले, उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघाला समजाविले की येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्ही परस्परांची सेवा केली नाही तर कोण करील? परदेशात राहणाऱ्या आपणांस याहून समर्पक उपदेश कोणता?

म्हणून माझी नम्र सूचना आहे. आपण एक छोटे रुग्णमित्र मंडळ स्थापावे. परवानगीवाचून देणग्या गोळा करणे येथील कायद्यास मान्य नाही, म्हणून आरंभ पैशाने न करता वेळेने करू. रुग्णासोबत दवाखान्यात जाणे, अरबी कागद समजावून देणे, मुंबईत उतरण्याची सोय आगाऊ लावणे आणि त्याच्या घरच्यांना धीर देणे, एवढी कामे पुरेशी आहेत. आपल्यातील जे बंधू-भगिनी या रोगातून बरे झाले आहेत, त्यांनी संकोच सोडून प्रथम नाव द्यावे. त्यांचे ‘मी बरा झालो’ हे शब्द ऐकूनच कोणीतरी आपली लपविलेली जखम वेळेवर दाखवील.

ज्यांना हे कार्य पटते, त्यांनी आज सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.

जयभीम! नमो बुद्धाय!