तीन रिकाम्या जागा



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाचा प्रसंग आजवर आला नव्हता. परंतु गेल्या वर्षात आपल्या मसाला विभागातून तीन भगिनी निघून गेल्या. विभागाची वही माझ्याकडे असते, म्हणून त्याविषयी मीच बोलावे असे ठरले.

मजुरी कमी म्हणून त्या गेल्या, असा सर्वांचा समज आहे. मला तो पुरता पटत नाही. पूर्वी मी एका ठिकाणी डबे भरण्याच्या कामाला जात असे. पैसे इथल्यापेक्षा बरे मिळत. धाकट्याला गोवर आला तेव्हा चार दिवस घरी राहिले. पाचव्या दिवशी गेले, तर मुकादमाने खाडे तेवढे मोजले. पोर कसे आहे, हे शेजारी बसणाऱ्या बाईनेही विचारले नाही. महिनाअखेर मी काम सोडले.

लिज्जत पापड आपल्या सर्वांच्या घरी येतो. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आज हजारो स्त्रिया त्या कामात आहेत. तेथे बाई नोकर नसते, सभासद भगिनी असते. नफ्यातोट्याची वाटेकरीण असते. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे, मजुरी घ्यायची. पोर आजारी असले तरी पोळपाट त्याच्या उशाशी मांडता येतो. नुसत्या गोड बोलण्याने माणसे टिकत नाहीत, अशी सोयही लागते.

आता माझी चूक सांगते. तिघींपैकी एक रोज तासभर उशिरा येई. मी सर्वांदेखत म्हणाले, "तुमच्या घरी घड्याळ नाही का?" दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पंधरा दिवस कोणी चौकशीही केली नाही. शेवटी मीच गेले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवून मग ती निघत असे. घर दोन गल्ल्यांवर, आणि आम्हा बाराजणींत एकीलाही हे ठाऊक नव्हते!

मी म्हटले, "मिरच्या घरी बसून निवडा, पोते मी पोचवते." ती म्हणाली, "यांना विचारून सांगते." अजून निरोप नाही. वहीतले तिचे नाव मी खोडलेले नाही. सोमवारी नवी मिरची येईल तेव्हा पुन्हा जाणार आहे. राहिलेल्या दोघींकडेही जायचे आहे. माझ्याबरोबर कोण कोण येता?