बिनतारी जाळे आणि गरिबाचा लॅपटॉप



आजचा विषय या व्यासपीठावर काहीसा विजोड वाटेल. परंतु यवतमाळ-पुसदकडे अभियांत्रिकी शिकणारी कितीतरी मुले कापसाच्या पैशावर शिकतात. बिनतारी जाळ्याची, म्हणजे वायफायची, सुरक्षितता तपासण्याचे शास्त्र शिकायचे तर लिनक्सवर चालणारा स्वस्त आणि लहान लॅपटॉप कोणता घ्यावा, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्या घरात रोख पैसा कापूस विकल्यावरच दिसतो, तेथे हा प्रश्न लहान नाही.

प्रथम या शास्त्राची गरज काय, ते पाहू. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल निघाला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या वायफायवरून. जाळे उघडे होते. पुढे २००९ साली मुंबई पोलीस अशी उघडी जाळी शोधत शहरात फिरू लागले. आज पुसदच्या पतसंस्थेत आणि वणीच्या सेवा केंद्रातही वायफाय आहे. दाराला कुलूप आहे की नाही, हे चोराच्या आधी घरच्या माणसाने पाहावे, एवढाच या शास्त्राचा अर्थ.

हे कुलूप तरी कसे? पहिले कुलूप वेप. त्यातील दोष २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी उघड केला. २००४ साली डब्ल्यूपीए-२ आले, २०१८ साली डब्ल्यूपीए-३. डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन आणि राउटर यांची प्रथम ओळखदेख होते. तेवढे चार निरोप टिपले, की पासवर्ड कच्चा आहे की पक्का हे घरी बसून तपासता येते. निरोप टिपण्यासाठी वायफाय कार्ड ‘मॉनिटर मोड’मध्ये, म्हणजे सर्वांचे ऐकण्याच्या अवस्थेत, जावे लागते, शिवाय स्वतः निरोप सोडण्याची शक्तीही त्यात असावी लागते.

येथेच आमच्या उत्तराचे मर्म आहे. पारख लॅपटॉपची नव्हे, कार्डाच्या चिपची करावी. आतले कार्ड या कामाचे नसेल, तर यूएसबीला लावायचे वेगळे कार्ड घ्यावे. अ‍ॅथेरॉस एआर-९२७१ ही चिप लिनक्स उत्तम ओळखतो. मात्र ती २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. ५ गिगाहर्ट्झही हवे असेल तर मीडियाटेक एमटी-७६१२यू पाहावी. आणि सावध राहावे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन-७२२एन या कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉस चिप होती, दुसरीपासून ती बदलली. नाव तेच, आत माल निराळा! म्हणून खोक्यावरील आवृत्तीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यामुळे कचेऱ्यांतून बाद होणारी यंत्रे जुन्या बाजारात येतात. लिनक्सला ती पुष्कळ होतात. साडेबारा इंची थिंकपॅड एक्स-२७० सारखे यंत्र खांद्याला जड होत नाही, आणि त्याची मागची बॅटरी हाताने काढता येते. ज्या गावी वीज दुपारी जाते तेथे हा गुण मोठा. ८ जीबी स्मृती आणि एसएसडी असावी. घेताना बॅटरी, बिजागरी आणि कळफलक तपासून घ्यावा. अगदी जुन्या ३२-बिटी नेटबुकाच्या मोहात पडू नये. काली लिनक्सने २०२४ पासून त्यांच्यासाठी नव्या प्रती काढणे थांबविले आहे. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून दुकानातच वायफाय चालते का ते पाहावे.

लहान यंत्राने पासवर्ड फोडता येईल का, अशी शंका कोणी घेईल. हिशेब मांडू. आठ अंकी पासवर्डाचे १० कोटी प्रकार होतात. साध्या लॅपटॉपने सेकंदाला २ हजार तपासले, तरी चौदा तासांत सर्व संपतात. मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला तर ४०० कोटी प्रकार, म्हणजे तेवीस दिवस. पण सेकंदाला ४ लाख तपासणाऱ्या यंत्राला तीन तासही लागत नाहीत. म्हणजे महाग यंत्र नसतानाही विद्यार्थ्याला दोष दाखविता येतो, आणि उपायही सांगता येतो: लांब आणि अंकांपुरता न राहणारा पासवर्ड.

शेवटी एक मर्यादा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ प्रमाणे, मालकाच्या परवानगीविना, अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने दुसऱ्याच्या यंत्रात वा जाळ्यात शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गंमत म्हणून केले, हे न्यायालयाला पटवीत बसण्याची पाळी येऊ नये. म्हणून स्वतःच्या राउटरवर शिकावे, दुसऱ्याच्या जाळ्याला लेखी परवानगीवाचून हात लावू नये.

थोडक्यात, पैसा चिपेवर आणि बॅटरीवर खर्च करावा, चकाकीवर नाही. आणि शिकून झाल्यावर आपल्या गावच्या पतसंस्थेचे दार परवानगीने ठोठवावे. ज्या कापसाने शिकविले, त्या गावाची पुंजी राखण्यास ही विद्या उपयोगी पडली, तर ती सार्थकी लागली असे आम्ही समजू.