छपाईआधी कापडाची खळ काढताना

आज बोलायचंय ते ठशाच्या छपाईविषयी, म्हणजे खरं तर ठसा उचलायच्या आधीच्या कामाविषयी. आमच्या गटात सुती ओढण्या आणि चादरी छापतात. दुकानदार माल उजेडात धरतो, रंग कुठे गडद, कुठे फिका दिसला की लगेच भाव पाडतो. मग आपण रंगाला नाहीतर छापणारीच्या हाताला बोल लावतो. पुष्कळदा खोट असते कोऱ्या कापडात राहिलेल्या खळीची.

विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला पिठाची खळ देतात. ती नीट निघाली नाही की रंग धाग्यात शिरत नाही, वरवर बसतो आणि धुण्यात जातो. म्हणून कापड रात्रभर भिजवायचं, मग कॉस्टिक सोड्यात उकळायचं. हात भाजतात, सरपण जळतं, ते पाणी कुठे सोडायचं हाही प्रश्नच.

खळ काढायला अमायलेज नावाचं एन्झाइम मिळतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. भाकरीचा घास तोंडात घोळवला की गोडसर लागतो ना? ते थुंकीतल्या अमायलेजचंच काम. पिठाचे मोठे कण तोडून ते पाण्यात विरघळतील असे करतं. सुताला धक्का लागत नाही.

आम्ही पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवतो. त्यासाठी थर्मामीटर घ्याच, अंदाजाने हे जमत नाही. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं, गार पाण्यात सुस्त पडतं. भांडं स्टीलचं, तांब्याचं नको. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच. तासभर कापड खालीवर करायचं, मग गरम पाण्याने खळखळून धुवायचं. सुतातलं मेण काढायला साबण आणि धुण्याचा सोडा नंतर लागतोच, ते काम अमायलेज करत नाही.

खळ गेली का, हे कसं कळणार? औषधाच्या दुकानातलं आयोडीन पाण्यात पातळ करून कोपऱ्यावर एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर खळ आहे, परत धुवा. पिवळसरच राहिलं तर पुढे चला.

नैसर्गिक रंगात काम करणाऱ्यांनी हे सगळं हिरड्याच्या आधी उरकायचं. हिरड्यातला तुरटपणा एन्झाइमला बांधून टाकतो.

दुसरं एन्झाइम सेल्युलेज. ते कापडावरची बारीक लव खातं, कापड मऊ होतं, गोळे कमी येतात, ठशाची रेघ स्वच्छ उठते. पण हे सुतालाच खातं, म्हणून जपून! वेळ संपली की पाणी ८० अंशांवर नेऊन ते थांबवावं लागतं, नाहीतर कापड विरतं. आमच्या मते चादरीला याची गरज नाही. बाळाच्या कपड्यांना, ओढण्यांना खर्च परवडतो.

एन्झाइम पातळ मिळालं तर पातळच घ्या. पावडर श्वासातून गेली तर दमा लागू शकतो, तेव्हा तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेतच.

आधी अर्ध्या मीटरवर करून बघा. आयोडीन लावलेला तुकडा ऑर्डरच्या वहीत टाचून, तारीख घालून ठेवा. भाव पाडायला आलेल्या दुकानदारापुढे ती वही उघडता येते.