पाठीवरचें ओझें

जळगांवाहून अजिंठ्यास जाणारा रस्ता पहूरवरून जातो. बौद्ध भिक्षूची सामग्री परंपरेनें आठच वस्तूंची: तीन चीवरें, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा व पाण्याचें गाळणें. वर्षावास संपला कीं एवढेंच घेऊन तो मार्गस्थ होई. मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत महिनाभर चालणारा वारकरी आपलें सामान स्वतः वाहूं लागला, तर त्यासहि हाच विचार करावा लागतो. कारण जादा धोतर पावसांत भिजलें म्हणजे पुढल्या मुक्कामापर्यंत तें खांद्यासच सोसावें लागतें. मात्र सुई जड नाहीं, आणि तिच्यावांचून फाटकी पडशी निरुपयोगी. म्हणून निघण्यापूर्वीं भरलेली पडशी पाठीस बांधून दोन कोस चालून पाहावें. खांदा नको म्हणेल तें घरींच ठेवावें, सुई तेवढी ठेवूं नये.