गावाचा रकाना कुठे आहे?

सन्माननीय उद्घाटक, स्वागताध्यक्ष, मंचावरचे मान्यवर, मंचावर जागा न मिळाल्याने पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर, आणि सोळा तालुक्यांतून एसटीने आलेले माझे ग्रंथपाल बंधुभगिनी,

अध्यक्षाला मान वर्षभर मिळतो, माइक एकदाच. तो आज माझ्या हातात आहे. सूत्रसंचालकांनी 'वीस मिनिटं' अशी चिठ्ठी पाठवली आहे. ती मी वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आधी माझ्याविरुद्ध एक पत्रक फिरलं. 'बाईंनी आयुष्यभर लिहिलं काय? याद्या!' असं त्यात होतं. पत्रक कोणी काढलं हे मला, तुम्हाला आणि छापखानावाल्याला ठाऊक आहे, म्हणून नाव घेत नाही. एवढंच नोंदवते, की त्या पत्रकावर तारीख नव्हती, प्रकाशक नव्हता, मुद्रकही नव्हता. उद्या ते कुणा अभ्यासकाच्या हाती लागलं तर कुठल्या सालात घालायचं हे बिचाऱ्याला कळणार नाही. याद्या करणारी माणसं अशी वागत नाहीत.

तर मी याद्यांवरच बोलणार आहे.

हातातल्या मोबाईलवर 'यवतमाळ' टाकून बघा. शेतकरी आत्महत्या निघतील, आणि २०१९चं अखिल भारतीय साहित्य संमेलन निघेल. त्या संमेलनाचं निमंत्रण कुणाला गेलं, कसं परत घेतलं, मग कोण आलं नि कोण आलं नाही, हे मोबाईल तुम्हाला चवीनं सांगेल. तुम्हाला ते मुळातच पाठ आहे, त्यातले निम्मे तुम्हीच होतात. आता १९७३चं संमेलन विचारा. त्या वर्षी याच गावात गदिमा अध्यक्ष होते. चार ओळींत संपतं. आणि त्याच्याही आधी काय यवतमाळ झोपलं होतं?

झोपलं नव्हतं. यशवंत खुशाल देशपांडे इथे शारदाश्रम चालवत होते. महानुभावांच्या पोथ्या ते मठामठांतून गोळा करत होते, आणि १९२५ साली त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' इथून निघालं. बापूजी अण्यांच्या काळात इथून 'लोकमत' नावाचं साप्ताहिक निघत होतं. ते शोधून दाखवा! 'लोकमत' टाकलं की आजच्या दैनिकाच्या आजच्या बातम्यांचा पूर येतो, आणि जुनं साप्ताहिक त्याच्या तळाशी जातं. साल, गाव, संपादक असं काही सोबत लिहिलेलं असेल तरच ते वर येणार. ते लिहायचं कुणी? स्कॅनर लिहीत नाही.

आमच्याकडे समज असा, की पान स्कॅन केलं म्हणजे ग्रंथ जगाला मिळाला. स्कॅनर आला की नारळ फुटतो, फीत कापली जाते, हार घातलेल्या यंत्राबरोबर फोटो निघतो. काहींना पुस्तकापेक्षा पुस्तकाबरोबरचा फोटो जास्त वेळा उघडावासा वाटतो, त्यांना मी काय सांगणार. पण पान स्कॅन झालं की ते चित्र झालं. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला सरळ वाचता येत नाहीत. अक्षरओळखीचं यंत्र लावलं तर जुन्या खिळ्यांचा तुटका ठसा, जोडाक्षरं, मागच्या पानाची उमटलेली शाई, यात ते धडपडतं. समजा, नाही धडपडलं. तरी १९६२च्या आधीची छपाई म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', 'मुलांनीं'. आजचं पोर 'काही' टाकून शोधणार, त्याला 'कांहीं' कशाला सापडतंय?

बरं, जुनं सोडा. मागच्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याच संगणकांवर जुळवलेल्या स्मरणिका घ्या. श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये त्या आहेत. पडद्यावर छान मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा साठलेला असतो, आणि शोधयंत्र तो कचराच वाचतं. आणि वऱ्हाड! आपल्या मुलखाचं नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात नुक्त्याचा र आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला फरक नाही. संगणकाला विचाराल तर ते दोन वेगळे शब्द आहेत. कुणी शोधाची सोय करताना दोन्ही एकत्र धरली नाहीत, तर अर्धा वऱ्हाड दुसऱ्या अर्ध्याला भेटत नाही. वेगळ्या विदर्भावर भाषणं करणाऱ्यांनी आधी हे दोन वऱ्हाड एक करून दाखवावेत.

सरकारी दप्तराची तर वेगळीच गंमत. १८५३ पर्यंत आपण निजामाचे. मग कारभार इंग्रजांचा. १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले, १९५० नंतर मध्य प्रदेश, १९५६ला मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. जिल्ह्याचं नावसुद्धा १९०५ पर्यंत वणीवरून 'वुन', आणि पुढे साहेबाच्या लेखणीत 'येओटमल'. म्हणजे यवतमाळच्या माणसाला आपल्या आजोबाचा कागद हुडकायचा तर हैदराबाद, नागपूर, मुंबई, दिल्ली, लंडन अशी पाच दारं, आणि प्रत्येक दारावर आपलं नाव वेगळ्या स्पेलिंगनं सांगायचं. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली 'अभिलेख पटल' सुरू केलं, घरबसल्या फायली दिसू लागल्या. काम चांगलं आहे, नावं ठेवायची नाहीत. पण फायलीचं शीर्षक जुन्या कारकुनानं इंग्रजीत जसं लिहिलं तसंच राहणार. 'यवतमाळ' म्हणून हाक मारलीत तर ती फाईल ओ देणार नाही. आपल्या गावाला परक्यांनी काय काय नावं ठेवली, हे माहीत असलेलं माणूस जवळ हवं.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं काय झालं हे इथल्या प्रत्येक ग्रंथपालाला ठाऊक आहे, पण उद्घाटकांसाठी सांगते, ते मघापासून घड्याळाकडे बघताहेत. देशभरातल्या ग्रंथालयांतून पाच लाखांच्या वर पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठी ढिगानं. मग ते संकेतस्थळ बंद पडलं. कार्ल मालामुद नावाच्या अमेरिकन गृहस्थानं पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवली म्हणून वाचली, नाहीतर रामनाम. आज ती तिथे आहेत, फुकट आहेत. आणि त्यांची ओळख काय? 'इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५ डॉट' आणि पुढे आकडा. शीर्षक रोमन लिपीत, कुणी ऐकीव टंकावं तसं. लेखकाच्या जागी कधी संपादक, कधी प्रकाशक, कधी 'नॉट अव्हेलेबल'. मराठीचा एवढा खजिना नॉट अव्हेलेबल नावाच्या लेखकानं लिहिला हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं, तर मी त्याचं स्वतंत्र कपाट केलं असतं.

माझं वाचनालय तालुक्याचं होतं, गाव सांगत नाही. मी सहायक म्हणून लागले तेव्हा तिथे एक जुने ग्रंथपाल होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान यायचं तेव्हा यायचं. काकांचा पगार त्याहून उशिरा. पण संध्याकाळी वाचक गेले की ते जुन्या साप्ताहिकांची फाईल काढून कार्ड लिहीत बसायचे. त्यांची कार्डं लेखकवार नव्हती, विषयवारही नव्हती. गाववार होती. दिग्रसची पेटी, दारव्ह्याची पेटी, उमरखेडची पेटी, आणि प्रत्येकीत खेड्यांची नावं. 'असं कोणत्या शास्त्रात आहे?' असं मी कोर्स करून आलेली पोरगी त्यांना विचारायची. ते हसून पुढचं कार्ड घ्यायचे.

एका दुपारी पुसदकडच्या खेड्यातली एक म्हातारी आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सोबत नातू. म्हणाली, "बाई, माह्या मालकाचं नाव पेपरात आलतं म्हनत होते ते. तेवढं काढून द्या." मी विचारलं, कोणत्या साली? "सत्याग्रहाच्या साली. गवत कापलं होतं त्याईनं. जेलात टाकलं होतं."

आता तुम्हाला १० जुलै १९३० सांगायला नको. बापूजी अण्यांनी पुसदला जंगलाचा कायदा मोडला आणि वऱ्हाडभर माणसं विळे घेऊन राखीव रानात शिरली. म्हातारीला स्वातंत्र्यसैनिकाच्या विधवेची पेन्शन हवी होती, आणि कचेरी शिक्षेचा दाखला मागत होती. कोणत्या कोर्टात, कोणत्या तारखेला? तिला माहीत नव्हतं. लेखक माहीत नाही, शीर्षक माहीत नाही, साल अर्धवट. तिला एकच गोष्ट पक्की माहीत होती, आपल्या गावाचं नाव. काका उठले, पेटी ओढली, बोट फिरवलं. कार्ड निघालं: गाव, 'जंगल सत्याग्रह, शिक्षा', साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान, रकाना. फाईल उघडली तर पाच नावांत तिच्या मालकाचं तिसरं, पुढे शिक्षा आणि मॅजिस्ट्रेटचं गाव. त्या तारखेवरून पुढे जेलच्या नोंदवहीचा उतारा मिळाला. पेन्शनही मिळाली, उशिरा का होईना.

त्या पेट्यांचं काय झालं ते या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, तरी मी सांगणारच. इतकी वर्षं अध्यक्षपद मागत होते ते कशासाठी? वाचनालयात संगणक आला. तेव्हाच्या कमिटीनं ठरवलं, की आता कार्डं कशाला. मी रजेवर होते. परत आले तेव्हा पेट्या होत्या, कार्डं नव्हती. रद्दीवाल्याकडे धावले तर माल पुढे गेला होता. रिकाम्या पेट्यांत पुढे निवडणुकीच्या पावत्या ठेवल्या गेल्या. त्या कमिटीतले काही जण आज डिजिटल वारशावर बोलतात, शाल घेतात, आणि टाळ्यांत माझाही हात असावा अशी अपेक्षा ठेवतात.

आज ती साप्ताहिकं स्कॅन झालेली आहेत. संगणकात आहेत, 'नवीन फोल्डर २' या नावाखाली. ती म्हातारी आज आली असती तर परत गेली असती.

तुम्ही म्हणाल, बाईंचं कार्डांचं दुःख मोठं दिसतंय. आहेच मोठं. १९८४ला दांडेकर समितीनं विदर्भाचा अनुशेष मोजला. सिंचन मोजलं, रस्ते मोजले, वीज मोजली. सूचीचा अनुशेष कोणी मोजला? मी तर म्हणते, १९५३च्या नागपूर करारातच सूचीचं एक कलम हवं होतं. हसू नका. धरण नसेल तर दिसतं तरी की पाणी नाही. नोंद नसेल तर काय नाही हेच कळत नाही, मग मागणार काय? शेजारच्या मुलखाला इतिहास आहे आणि आपल्याला बातम्या, याचं कारण त्यांच्याकडे सूची करणारे होते आणि त्यांना खुर्ची होती.

तरी तिकडेही खुर्चीच होती, मान नव्हता. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, पुढचा खंड १९५० पर्यंत नेला. आजही मराठीचा कुठलाही संशोधक त्या खंडांपुढे बसल्याशिवाय उठत नाही. अखिल भारतीय संमेलनाध्यक्षांची यादी काढा, त्यात दात्यांचं नाव दाखवा. चार प्रेमकविता केल्या असत्या तर निदान सुचवलं तरी असतं कुणी.

महानुभावांचंच बघा. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत त्यांनी ग्रंथ शतकानुशतकं कुलपात ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी भावे, राजवाडे यांच्यासारख्यांनी ते कुलूप उघडलं, आणि आपले देशपांडे मठांमागून मठ हिंडले. पण त्या ग्रंथांची संदर्भसूची १९६० साली छापली गेली ती लंडनच्या नियतकालिकात, रेसाइड नावाच्या अभ्यासकाची. त्यांचे उपकार आहेत. लाज आपल्याला वाटायला हवी. त्या लोकांनी मुद्दाम कुलूप लावलं होतं, पंथाच्या रक्षणासाठी. आपण संकेतस्थळाला आळसानं लावतो. यादी अशा चौकटीत कोंडतो, की तालुका निवडा, वर्ष निवडा, मग बटण दाबा. बटण दाबणं शोधयंत्राला येत नाही, ते दारातूनच परत जातं. प्रत्येक पुस्तकाला स्वतःचं पान आणि न बदलणारा पत्ता द्यायला असा काय खर्च येतो?

जिल्ह्यातल्या आमच्या काही मित्रमंडळींनी आपल्या गावचे हस्तलिखित अंक नेटवर ठेवले. त्यांच्याही फायलींना नावं नाहीत, पण ती माणसं प्रामाणिक आहेत, पदरचे पैसे घालतात, आणि मला त्यांनी मतं दिली आहेत, म्हणून त्यांच्यावर मी आज बोलणार नाही. दिवाळीनंतर घरी जाऊन बोलेन.

आता ठराव. जिल्ह्यात सरकारी, निमसरकारी किंवा लोकवर्गणीतून डिजिटायझेशनचं जे काम होईल, त्यात नोंदी लिहिण्याचा पैसा स्कॅनिंगहून वेगळा दाखवावा, आणि तो पानामागे नव्हे, नोंदीमागे द्यावा. नोंदी लिहिणारं माणूस या जिल्ह्यातलं असावं, ज्याला वुन म्हणजे वणी आणि माधव श्रीहरी अणे म्हणजेच बापूजी, म्हणजेच लोकनायक, हे विचारावं लागत नाही. लेखक, शीर्षक, वर्ष यांच्या शेजारी गावाचा रकाना सक्तीचा असावा, गावाची जुनी-नवी नावं देवनागरी आणि रोमन दोन्हींत. आणि सगळ्या नोंदी खुल्या असाव्यात, कुणालाही उतरवून घेता याव्यात, म्हणजे पुढची कमिटी रद्दीत घालायला गेली तरी दहा ठिकाणी शिल्लक राहतील.

सूत्रसंचालकांची दुसरी चिठ्ठी आली आहे. रोडगे गार होताहेत म्हणे. होऊ द्या. ठरावाची सूचक मी. अनुमोदक हवा. पत्रक काढणाऱ्यांपैकी कुणी उभं राहिलं तर मला विशेष आनंद होईल, फक्त या वेळी नाव आणि गाव सांगून उभं राहावं, सचिवांना इतिवृत्तात लिहायचं आहे.