टॅब बदलायचा का? आधी लिंबाखाली धरून बघा

मानवतहून बोलतेय. आज हिशेबाबद्दलच बोलायचंय, पण वहीच्या नाही, टॅबच्या काचेबद्दल. हसू नका. ह्या काचेपायी आमच्या गटातल्या एका मावशीवर थकबाकीदार म्हणवून घ्यायची वेळ आली होती.

वैशाखातली गोष्ट. सकाळी पऱ्हाट्या वेचायचं काम, संध्याकाळी चूल, म्हणून आमची बैठक दुपारी अडीचला लिंबाखाली. मी एकेकीचा हप्ता टॅबवर चढवत होते. मावशीनं १,७०० रुपये दिले. टॅबच्या आकड्यांत ४ आणि ७ एकाखाली एक असतात. बोट घसरलं, १,४०० पडले. तपासावं म्हणून टॅब वर धरला तर काचेत लिंबाच्या फांद्या. मावशीला म्हटलं, "तुम्ही बघा हो, बरोबर आहे ना?" त्या म्हणाल्या, "बाई, मला तर नुसतं माझंच तोंड दिसायलंय." सगळ्या हसल्या, मीही हसले आणि पुढच्या नावाकडे गेले.

पुढच्या महिन्यात टॅब म्हणाला, मावशीचे ३०० थकीत. सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. मावशी काही बोलल्या नाहीत, पिशवीतून पासबुक काढलं. त्यावर माझ्याच सहीनं १,७०० लिहिलेले. पेटी मोजली, ३०० जास्त निघाले. चूक माझी होती, मी सगळ्यांपुढं कबूल केली. पण ती दहा मिनिटं मावशीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्या रात्री मी ठरवलं, हा टॅब बदलायचा. ग्रामसंघात विषय मांडला. परभणीच्या एका दुकानात विचारलं, तर २४,००० रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, ॲमोलेड घ्या, उन्हात पण चकाचक." आता २४,००० म्हणजे दोन बायांना शेळ्यांसाठी देता येईल एवढं कर्ज. म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, आधी ही ॲमोलेड काय भानगड आहे ते समजून सांग, मग पैसे. मी बीए झालेली, मराठी विषय. पण आठ दिवस वाचलं, विचारलं, आणि जे कळलं ते सांगते.

आपल्याकडच्या बहुतेक टॅबला एलसीडीचा पडदा असतो. ह्यात पडदा स्वतः उजळत नाही. मागं एक पांढरा दिवा कायम जळत असतो आणि पुढं बारीक बारीक झडपा, खिडकीला असतात तशा. झडप उघडली की उजेड येतो, मिटली की अंधार. त्या झडपा ज्या पदार्थाच्या असतात त्याला द्रवस्फटिक म्हणतात, आणि तो पहिल्यांदा सापडला १८८८ मध्ये, ऑस्ट्रियाच्या फ्रिडरिख रायनित्झर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला, गाजरातून काढलेल्या पदार्थावर काम करताना. गाजर! मला ते वाचून फार गंमत वाटली. एलसीडीतही प्रकार आहेत. जुन्या स्वस्त पडद्यात तिरकं बघितलं की रंग उलटेपालटे होतात. आयपीएस नावाच्या पडद्यात बाजूनंही नीट दिसतं. आपण टॅब मधे ठेवून चौघी चार बाजूंनी बघतो, म्हणून आपल्याला आयपीएसच हवा, एवढं लक्षात ठेवा.

ॲमोलेडचं वेगळं. तिथं मागं दिवा नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःच एक पणती. काळं दाखवायचं तर तेवढ्या पणत्या विझवायच्या. म्हणून त्यातला काळा खरा काळा, आणि सिनेमा बघायला तो पडदा फार सुंदर. काळ्या पानावर बॅटरीही वाचते. पण आपली पानं काळी असतात का? लोकोसमध्ये नोंदी करा नाहीतर बँकेचा फॉर्म भरा, सगळं पांढरं. पांढऱ्या पानाला सगळ्या पणत्या एकदम पेटतात, मग बचत कसली? शिवाय एकच चित्र महिनोन् महिने एकाच जागी राहिलं तर त्याचा पुसट डाग कायमचा बसू शकतो. आणि पडदा फुटला तर ॲमोलेडचा बदलायला साधारणपणे जास्त पैसे लागतात. आमच्या ग्रामसंघात टॅब चार हातांतून जातो, दोनदा मोटारसायकलवरून पडलाय, म्हणून हे मी मुद्दाम विचारलं.

आता उन्हाचं. पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. ढोबळ सांगायचं तर एक मीटर लांब, एक मीटर रुंद पडद्यावर एका मेणबत्तीएवढा उजेड म्हणजे १ निट. स्वस्त टॅबचा पडदा ३०० ते ४०० निटचा असतो. घरात तो पुरून उरतो, कारण घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स असतो. लक्स म्हणजे बाहेरून पडणारा उजेड मोजायचं माप. दुपारच्या उन्हात तोच उजेड १ लाख लक्सच्या आसपास जातो. काचेवरून त्यातला थोडासाच परत आला तरी आपला पडदा हरतो. मग तोंड दिसतं, आकडा दिसत नाही. मावशी अगदी बरोबर बोलल्या होत्या.

दुकानदार म्हणाला होता, ह्याला १,००० निट आहेत. पण खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या छोट्याशा भागाचा आणि थोड्या वेळाचा असतो. पूर्ण पांढरं पान लावलं की ॲमोलेडचा उजेड त्याहून कमी भरतो. म्हणून दुकानात विचारायचं ते हे, "पूर्ण पांढऱ्या पानाला किती निट?" सांगता आलं नाही तर टॅब दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन बघू द्या म्हणा. आणि एक, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. टॅब तापला की स्वतःला वाचवायला उजेड आपणहून कमी करतो, कितीही महाग असो.

हे नुसतं वाचून कोण ऐकणार? म्हणून आम्ही एका दुपारी लिंबाखाली तीन यंत्रं मांडली. आमचा जुना एलसीडी, माझ्या भाचीचा ॲमोलेड टॅब, आणि एका शिक्षिकाबाईंचं पुस्तकं वाचायचं ई-इंकचं यंत्र. तिन्हींवर एकच काम, नावांची यादी आणि आकडे वाचायचे. वाचणाऱ्या मावशी.

ई-इंक सगळ्यांत पुढं! त्यात उजेड नसतोच मुळी, काळे-पांढरे कण रांगोळीसारखे वर येतात, कागदासारखं दिसतं. जितकं ऊन तितकं स्पष्ट. मावशींनी चष्म्याशिवाय वाचलं. पण पान बदलायला ते रेंगाळतं, त्यावर कागदाचा फोटो काढता येत नाही, आपलं ॲप चालत नाही. वाचनाला उत्तम, कामाला नाही. भाचीचा ॲमोलेड आमच्यापेक्षा बरा होता, खोटं कशाला बोलू. पण दुकानदार म्हणाला तसा चकाचक नव्हता. काचेत मावशीचं तोंड तिथंही होतंच, जरा फिकट.

मग भाचीनं आमचा जुना टॅब हातात घेतला आणि विचारलं, "आत्या, ह्याचं कव्हर असं का लावलंय?" वर कॅमेऱ्याजवळ एक बारीक ठिपका असतो. बाहेर किती उजेड आहे ते तो ओळखतो आणि त्याप्रमाणे पडदा उजळतो. आमच्या कव्हरनं तो पूर्ण झाकला होता. म्हणजे भर उन्हात आमचा टॅब समजत होता, रात्र झाली. वरून काचेवर जुनी संरक्षक काच, तीत बुडबुडे आणि ओरखडे, तीही उन्हात चमकायची. कव्हर कापलं, ती काच काढून न चमकणारी लावली, २५० रुपये गेले. उजेड पूर्ण केला, अक्षरं मोठी केली. अक्षर तिनं किंचित धूसर झालं हे खरं, पण फांद्या गेल्या. मावशींनी १,७०० वाचले.

बायांनो, मी लाजले. चार महिने मी काचेला शिव्या देत होते.

पण टॅब कधीच बदलू नका, असं मी म्हणत नाही. आमच्या टॅबची खरी कमजोरी दुसरीच निघाली. त्याचा पडदा १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा आहे, दहा इंचांत. इंग्रजी आकड्यांना तेवढं चालतं. आपली लिपी मात्र बारीक कामाची, रफार, अनुस्वार, जोडाक्षर. अक्षर लहान असलं की 'ज्ञ' काय आणि 'क्ष' काय, नुसता ठिपक्यांचा गोळा. १९२० गुणिले १२०० चा पडदा असता तर तेवढ्याच जागेत सव्वादोनपट ठिपके बसले असते. ज्यांची नजर उतरलीय त्यांना हा फरक ॲमोलेडपेक्षा जास्त कळेल. दुकानात १२० हर्ट्झ, ९० हर्ट्झ असंही ऐकवतात. त्यानं पान सरकताना गुळगुळीत दिसतं, बाकी हप्ता तोच राहतो. त्याला पैसे मोजू नका.

तर ग्रामसंघात असं ठरलं. आत्ता २४,००० काढायचे नाहीत. जुन्या टॅबवर ॲप चालतंय तोवर तोच. ज्या दिवशी ॲप म्हणेल की तुमचा अँड्रॉइड जुना झाला, त्या दिवशी घ्यायचा, आणि तेव्हाही साधा आयपीएसचा, जास्त ठिपक्यांचा. आमची कोषाध्यक्ष वहिनी ह्याला अजून राजी नाही. ती म्हणते, दरवेळी सावली शोधत बसायचं का, एकदाच चांगला घेऊन मोकळं व्हा. तिचंही खोटं नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत ती पुन्हा विषय काढणार आहे.

तोवर एक नियम मात्र सगळ्यांनी मान्य केलाय. नोंद झाली की टॅब त्या बाईच्या हातात द्यायचा आणि आकडा तिनं मोठ्यानं वाचायचा. परवाच्या बैठकीत मावशींनी टॅब हातात घेतला, पदर वर धरून काचेवर सावली केली, १,७०० वाचले आणि मला म्हणाल्या, "आता दाब."