घोडा, बंदूक आणि लक्ष्या



वेस्टर्न सिनेमातलं गाव उजाड असतं.
घोड्यावरून डाकू येतात.
विनोदी वेस्टर्न त्यांच्या धाकातून हसू काढतो.

१९६५चा 'कॅट बलू' घ्या.
त्यातला नेमबाज दारूत बुडालेला,
आणि त्याचा घोडाही भिंतीला टेकून झिंगलेला!
ली मार्विनला याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं.

मराठीत या बाजाच्या सगळ्यात जवळ जातो,
महेश कोठारेंचा १९९०चा 'धडाकेबाज'.
समोर खलनायक कवट्या महाकाळ.
मदतीला बाटलीतला गंगाराम, म्हणजे आपला लक्ष्या, लक्ष्मीकांत बेर्डे!

कवट्या खरोखर भीतिदायक आहे.
म्हणूनच लक्ष्याची तारांबळ इतकी हसवते.
धाक खरा, तरच हसू खरं.

असे जुने चित्रपट जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं.
ते आपल्या कर्वेनगरपासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे.